बायकोला सांगितलं तर चालेल का?

"काका, बायकोला सांगितलं तर चालेल का?"

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला माझ्या दारात उभं राहून ३४ वर्षांच्या एका मुलाने मला हा प्रश्न विचारला. त्याचे वडील आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. त्याच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या आहेत. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत तो ७ वर्षं होता. त्या दुपारी त्याला मीटिंग रूममध्ये बोलावलं. समोर एचआरची बाई, शेजारी कधीही न पाहिलेला एक माणूस आणि टेबलावर दोन कागद. पहिला कागद त्याचा राजीनामा, 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द आधीच टाइप केलेले. दुसरा करार. कंपनी ३ महिन्यांचा पगार देणार आणि हा मुलगा आपण का गेलो, कसे गेलो, काय बोलणं झालं हे 'कोणत्याही तिसऱ्या व्यक्तीला' सांगणार नाही. सांगितलं तर पैसे परत. सही करायला मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. लॅपटॉप तिथेच काढून घेतला. सिक्युरिटीवाल्याने त्याची बॅग आणि जेवणाचा डबा खाली लिफ्टपाशी आणून दिला.

तो घरी गेला नव्हता. दोन तास गाडीत बसून होता.

मी म्हटलं, आत ये, पाणी पी आणि पहिला फोन तिलाच कर.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाकडचा फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे आणि गृहकर्जाला ती सहकर्जदार आहे. हप्ता थकला तर बँक तिलाही धरणार. मुलीच्या शाळेची फी ती भरते, सासूच्या औषधांचा हिशेब ती ठेवते, घरातल्या चौघांचा आरोग्यविमा नवऱ्याच्या कंपनीचा आहे आणि तो बंद होणार आहे. संसारातलं प्रत्येक ओझं निम्मं जिच्या खांद्यावर आहे, ती कंपनीच्या कागदावर 'तिसरी व्यक्ती' ठरली.

कामावरून काढलेल्या माणसाला 'याची वाच्यता करू नका' असं मालक सांगू शकतो का? एवढाच प्रश्न आहे. माझं उत्तर नाही असं आहे, पण ते देण्याआधी मालकाचं जे रास्त आहे ते त्याच्या पदरात टाकतो. कंपनीचा कोड, ग्राहकाचा डेटा, टेंडरचे भाव, अजून बाजारात न आलेलं उत्पादन ही कंपनीची मालमत्ता आहे. नोकरी गेली तरी ती सांभाळायचं बंधन जात नाही आणि जाऊही नये. सगळ्यांना सोमवारी सांगायचं ठरलं असेल आणि शुक्रवारी एखाद्याला आधी कळलं, तर 'दोन दिवस कुणाला बोलू नकोस' ही विनंतीही माणुसकीला धरून आहे. विनंती हं. पैसे परत घेण्याची धमकी असेल तर ती विनंती राहत नाही.

'मला कामावरून काढलं' ही माहिती मात्र कंपनीची नाही. ती त्या माणसाच्या आयुष्यात घडलेली घटना आहे.

आपला कायदाही ही घटना चारचौघांतली मानत आला आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७चा. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपातीत काढायचं, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन आणि सरकारला सूचना, अशा अटी त्याच्या २५-एफ या कलमात होत्या. त्या कायद्याखालच्या १९५७च्या केंद्रीय नियमांत तर ७७वा नियम असा होता की, ज्या वर्गातून माणसं कमी करायची त्या वर्गाची ज्येष्ठता यादी कपातीआधी किमान ७ दिवस सूचनाफलकावर लावायची. सगळ्यांच्या नजरेला पडेल अशा जागी, भिंतीवर. कारण शेवटी आलेला आधी जाणार हे तत्त्व पाळलं की नाही, हे कामगाराने स्वतः यादी वाचून ताडून पाहायचं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि जुना कायदा गेला. पण औद्योगिक संबंध संहितेतही कपातीसाठी नोटीस, १५ दिवसांच्या हिशेबाने भरपाई आणि सरकारला कळवणं कायम आहे. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर कपात झालेल्याला आधी विचारायचं, असंही तिथे लिहिलं आहे.

हे सगळं चालायला एक गोष्ट लागते. कोण कोण गेलं हे एकमेकांना माहीत असायला हवं. माझ्या मागून आलेला माणूस अजून आत आहे का? मला काढलेल्या जागेवर सहा महिन्यांनी कुणी नवा बसला का? तोंडाला कुलूप असेल तर हे कोण कुणाला विचारणार?

म्हणून मीटिंग रूममधले ते दोन कागद एकत्रच वाचले पाहिजेत. कपातीचा कायदा मालकाने संपवलेल्या नोकरीला लागतो, स्वखुशीने सोडलेल्या नोकरीला लागत नाही. पहिल्या कागदावर सही झाली की कपात झालीच नाही. नोटीस नको, भरपाई नको, सरकारला कळवणं नको. दुसऱ्यावर सही झाली की ती झाली होती असं म्हणायची सोय राहत नाही. बोलीभाषेत याला आपण 'ले-ऑफ' म्हणतो, आणि तोही शब्द इथे चुकीचा आहे. कायद्यातला ले-ऑफ म्हणजे कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र बिघडलं म्हणून तात्पुरतं काम न देणं. त्यात नोकरी शाबूत असते. पुण्या-बंगळुरात चालू आहे ती कपात आहे आणि तिच्यावर राजीनाम्याचं पाकीट चढवलेलं आहे.

आता हिशेब मांडू. सात वर्षांचे १५ दिवसांप्रमाणे १०५ दिवस, म्हणजे साडेतीन महिने. नोटिशीचा एक महिना धरून साडेचार. ग्रॅच्युइटी याहून वेगळी, ती पाच वर्षांनंतर हक्काची आहे. कायद्याच्या व्याख्येतलं 'वेतन' हातात पडणाऱ्या पगारापेक्षा कमी भरू शकतं हे मान्य, तरी आकडा समोर ठेवून बोलायला हरकत नाही. कंपनी ३ महिन्यांचा पगार मेहेरबानी म्हणून पुढे करते आणि त्या मेहेरबानीच्या बदल्यात त्याचं मौन मागते. ज्याचा त्याला हक्क असू शकतो त्याहून कमी देऊन वर त्याची जीभ विकत घ्यायची, हा सौदा झाला. शिवाय 'फुल अँड फायनल' ४५ दिवसांनी होईल असंही त्याला सांगितलं. नव्या वेतन संहितेनुसार राजीनामा असो की कपात, थकलेलं वेतन कामाच्या २ दिवसांत द्यायचं आहे.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं की, आयटीतला इंजिनिअर 'कामगार' नाहीच. पण संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येत 'तांत्रिक' काम करणारा स्पष्ट आहे. वगळला आहे तो व्यवस्थापक, आणि देखरेख करणारा असेल तर महिना १८,००० रुपयांच्या वरचा. हा मुलगा कागदोपत्री 'टीम लीड' आहे. दिवसातले नऊ तास तो स्वतः कोड लिहितो. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा हातून काय काम होतं हे न्यायालयं पाहत आली आहेत. त्यामुळे हा वाद लढण्यासारखा आहे. तो लढू नये यासाठीच तर दुसरा कागद आहे.

आणि आकड्यांचं बघा. २०२५च्या जुलैत टीसीएसने जाहीर केलं की मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० हून जास्त माणसं कमी होतील. पुढे आयटी कर्मचाऱ्यांची 'नाइट्स' ही संघटना म्हणाली की, एकट्या पुण्यात अडीच हजारांच्या आसपास लोकांकडून राजीनामे घेतले. कंपनीने तो आकडा नाकारला. त्याच वर्षी फेब्रुवारीत म्हैसूरच्या आवारात इन्फोसिसने प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं. कंपनीचं म्हणणं, अंतर्गत परीक्षेच्या तीन संधी दिल्या होत्या, नापास झालेल्यांना जावं लागेल हे करारातच होतं, आणि संख्या साडेतीनशेच्या आत आहे. संघटना म्हणाली ७००. यातलं कोण खरं हे मी ठरवत नाही, आणि तुम्हीही ठरवू शकणार नाही. ज्या देशात पाऊस तालुक्यागणिक मिलिमीटरमध्ये मोजला जातो, तिथे एका शहरात किती माणसांची रोजीरोटी गेली हे मोजता येत नाही. प्रत्येक माणूस एकेकटा खोलीत बोलावला आणि एकेकटा मागच्या दाराने सोडला, की बेरीज करायला कुणी उरत नाही.

मला मुंबईचं गिरणगाव आठवतं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यातले हजारो पुन्हा कधीच आत गेले नाहीत. त्या दुःखाला सीमा नव्हती, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण ते दुःख लपवायला कुणी लावलं नव्हतं. नोटीस गेटवर लागायची. भोंगा वाजला नाही की अख्ख्या चाळीला कळायचं. वाणी उधारीची वही महिनाभर पुढे ढकलायचा, खानावळवाली बाई दोन महिन्यांचे पैसे मागायची नाही. गावी पत्र जायचं आणि भाताचं पोतं यायचं. वीस-तीस वर्षांनी म्हाडाच्या घरांसाठी दीड लाखाच्या वर कामगार आणि वारस अर्ज घेऊन उभे राहिले. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर गिरणीत होतो हे त्यांना दाखवायचं होतं. कुणाकडे तिकीट होतं, कुणाकडे फंडाचा कागद, आणि ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याला शेजारच्या खात्यातला सोबती आठवत होता. हिंजवडीतल्या मुलाला शेजारच्या क्युबिकलमधला कोण गेला हे लिंक्डइनवरून कळतं. तेही कळलं तर.

असा करार न्यायालयात टिकेल का? १८७२च्या भारतीय करार कायद्याचं २८वं कलम सांगतं की, आपल्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट पूर्ण बंद करणारी अट रद्दबातल असते. म्हणजे कामगार आयुक्तांकडे जाणार नाही, दावा लावणार नाही, असलं काही त्या कागदात असेल तर त्याला किंमत नाही. २३वं कलम सार्वजनिक हिताविरुद्धच्या करारांना हात लावतं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन विरुद्ध ब्रजोनाथ गांगुली या खटल्यात याच कलमाचा आधार घेतला. तीन महिन्यांची नोटीस देऊन कायमच्या कर्मचाऱ्याला कारण न सांगता काढता येईल, असा नियम त्या सरकारी कंपनीचा होता. न्यायमूर्ती मदन यांनी लिहिलेल्या निकालाने तो उडवला. एका बाजूला सगळी ताकद, दुसऱ्या बाजूला सही करण्यावाचून पर्याय नसलेला माणूस, आणि करार उघड उघड अन्यायाचा असेल, तर न्यायालय त्याची अंमलबजावणी करणार नाही, हे तत्त्व त्यात आहे. हे मदन मुंबई उच्च न्यायालयातले, भिवंडी-जळगाव दंगलींचा चौकशी अहवाल लिहिणारे. सहापर्यंत सही करा असं सांगणाऱ्या प्रत्येक एचआरने तो निकाल एकदा वाचावा.

एचआरचा युक्तिवाद ठाऊक आहे: 'हे तुमच्याच भल्यासाठी आहे, पुढच्या नोकरीत विचारलं तर स्वतः सोडली म्हणता येईल.' यावर मला खरंच राग येतो. नोकरी जाणं ही लाज आहे हे आधी त्या मुलाच्या मनात भरवायचं आणि मग ती झाकायला चादर आपणच पुरवायची. उमेदवाराने काय सांगायचं ते उमेदवाराला ठरवू द्या. त्याला गप्प राहायचं असेल तर तो राहीलच, त्यासाठी दंडाचं कलम लागत नाही. या एका कलमामुळे घराघरांत काय होतं ते मी पाहिलं आहे. आमच्याच सोसायटीत एक गृहस्थ दोन महिने रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होते आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसत होते. बायकोला कळलं ते बँकेचा हप्ता परत गेला तेव्हा.

पुण्यातल्या एचआरचे हे करारनामे बरेचदा तिकडून, अमेरिकेतल्या मुख्यालयातून आलेले असतात. म्हणून तिकडचंही सांगतो. मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स इथल्या मॅक्लारेन मॅकोम्ब या रुग्णालयाने कोविडच्या काळात ११ जणांना कायमचं घरी पाठवलं आणि पैशांच्या बदल्यात गुप्ततेचा आणि बदनामी न करण्याचा करार पुढे केला. त्या करारात जोडीदाराला सांगायची मुभा होती. वकील आणि कर-सल्लागारालाही. तरीसुद्धा २१ फेब्रुवारी २०२३ला तिथल्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने तो बेकायदा ठरवला. सही झाली की नाही हे गौण आहे, असा करार नुसता पुढे करणंच १९३५च्या कायद्यातल्या कामगारांच्या हक्कावर घाला आहे, असं मंडळ म्हणालं. पुढे २०२४मध्ये अपील न्यायालयाने त्या रुग्णालयाविरुद्धचा आदेश उचलून धरला, पण मंडळाचं व्यापक तत्त्व आपलंसं केलं नाही. २०२५च्या फेब्रुवारीत मंडळाच्या नव्या प्रभारी मुख्य वकिलांनी या निकालावरचं आधीचं मार्गदर्शन मागे घेतलं. पर्यवेक्षकांना तर ते संरक्षण नव्हतंच. तिथेही लढाई चालू आहे एवढंच.

त्याच देशात १९९०चा आणखी एक कायदा आहे. गटाने कपात होत असेल आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाकडून हक्क सोडल्याची सही हवी असेल, तर कोणत्या हुद्द्यांवरची, कोणत्या वयाची माणसं काढली आणि कोणती ठेवली याचा तक्ता कंपनीने त्याच्या हातात द्यायचा. विचार करायला ४५ दिवस. सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या माझ्या पुतण्याला हा तक्ता मिळाला होता, त्यावरून त्याने वकील गाठला. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या त्याच्या मित्राच्या हातात मात्र देश सोडण्याआधी जास्तीत जास्त ६० दिवस होते. ज्याला ६० दिवसांत दुसरी नोकरी शोधायची आहे त्याने आपली नोकरी गेल्याचं कुणाला सांगायचं नाही, तर मग नोकरी मागायची कशी?

आपल्याकडे ४५ दिवस नाहीत, ७ दिवस नाहीत. उद्या सहापर्यंत आहे. महाराष्ट्र सरकारने एक साधा नियम करावा: कपातीच्या किंवा 'परस्पर संमतीच्या' कोणत्याही करारावर सही घेण्याआधी कामगाराला प्रत आणि किमान २१ दिवस द्यायचे आणि नोकरी कशी गेली हे सांगण्यावर कोणतीही बंदी चालणार नाही. त्यासाठी कुठलाही उद्योग राज्य सोडून जाणार नाही.

त्या मुलाने मंगळवारी रात्री बायकोला सांगितलं. तिने दोन्ही कागद तीनदा वाचले. सहकर्जदार म्हणून बँकेच्या कागदांवर सही करताना प्रत्येक ओळ वाचायची तिची सवय इथे कामी आली. बुधवारी चार वाजता दोघांनी मिळून कंपनीला मेल केला: मी राजीनामा दिलेला नाही. कपात करायची असेल तर नोटीस, भरपाई आणि हिशेब लेखी द्या. करार वाचायला वेळ द्या. सहा वाजले, सात वाजले, फोन आला नाही. मग त्याने त्याच्या मजल्यावरच्या एकाला विचारलं, त्याने दुसऱ्याला. त्याच आठवड्यात, त्याच खोलीत, तेच दोन कागद. रविवारी रात्रीपर्यंत त्यांचा आकडा २३ झाला. त्यातल्या १४ जणांनी सह्या केल्या आहेत आणि त्यांना वाटतं आता आपण बोलू शकत नाही. त्यांनाही सोबत घेतलं आहे.

येत्या सोमवारी ते पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार देणार आहेत. असा कागद तुमच्याही पुढे आला असेल, तर सही केली असली तरी या. नेमणूकपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या, पीएफचं पासबुक आणि त्या दिवशी आलेला मीटिंगचा मेल एवढं सोबत आणा. आणि येण्याआधी घरी सांगा.